दसऱ्याची पिकअप आणि दोन पाईप

ती केस अजून डोक्यातून जात नाही. सगळं कळलं, तरी नीट कळलं नाही, म्हणून लिहितो. मी शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. शिक्षण कमी, तेव्हा सरळ लिहितो. नावं घेत नाही.

मुरबाडहून वैशाखऱ्याकडे जाताना डोंगराच्या अंगाला एक गाव आहे. तिथल्या दोघा भावांनी बापाची पडून राहिलेली पिकअप दुरुस्तीला काढली होती. दसऱ्याला थोरल्याने तिची पूजा केली, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि गाडी काढली. घरापुढच्या उतारावर ती सुटली आणि आंब्यावर आदळली. थोरला बेशुद्ध, दवाखान्यात.

दुपारी ठाण्यात फोन आला. धाकट्याला गाडीखाली शिरून ब्रेकचा पाईप कापताना शेजाऱ्याने पाहिलं म्हणे. मी पंच घेऊन गेलो. खाली एक पाईप सुरीने साफ कापलेला. पंचनाम्यात ब्रेकचा पाईप लिहिला आणि धाकट्याला चौकशीला आणलं. थोरला मेला असता तर याच्यावर खुनाचं कलम लागणार होतं.

कापलास का विचारलं, तर लगेच हो म्हणाला. एवढ्या पटकन कबूल होणारा माणूस दिसला की मला शंका येते.

"पण ब्रेकचा नाय साहेब, डिझेलचा."

परत गाडीखाली गेलो. कापलेल्या टोकाला बोट लावून वास घेतला. डिझेलच. ब्रेकचा पाईप पलीकडून होता, गंजून फुटलेला. पुरवणी पंचनामा केला आणि त्याला परत समोर बसवला. मग डिझेलचा तरी का कापलास?

"गाडी चालूच होऊ नये म्हणून. ब्रेकचा पाईप सडलाय, नवा टाकू मग काढ, किती सांगितलं दादाला. तो बोलला, पूजा झालेली गाडी देवळापर्यंत नेलीच पायजे, नायतर अपशकुन. चावी त्याच्या कमरेच्या करगोट्याला. मी काय करणार होतो?"

थोरला शुद्धीवर आल्यावर बाकीचं कळलं. फिल्टरमध्ये उरलेल्या डिझेलवर गाडी चालू झाली आणि नेमकी उतारावर बंद पडली. परत चालू करायला त्याने क्लच दाबला, गाडी मोकळी सुटली, ब्रेक दाबला तर तो सडका पाईप फुटला.

आता याला काय म्हणायचं? कापला नसता तर गाडी गिअरमध्ये हळू उतरली असती, की खाली हमरस्त्यावर एसटीसमोर गेली असती?

भावानेच पाईप कापला, हे थोरल्याला मी सांगितलं. तो म्हणाला,

"येडा हाय तो. चाकाची हवा सोडायची ना. सोडा त्याला, म्हशींची धार कोण काढतोय घरी?"

माझा कोणावर संशय नाही, असा त्याचा जबाब लिहून घेतला. धाकटा सुटला.

कापलेलं दिसतं, कशासाठी कापलं ते दिसत नाही. एवढं मी शिकलो. मला ताप असला की माझी बायको बूट लपवायची, ड्युटीवर जाऊ नये म्हणून. मी चिडून चपलेवर जायचो, मग ताप वाढायचा. यंदा ती गेली. त्या धाकट्याचं बरोबर होतं का चूक, ते तिला विचारायचं राहिलं. तिने एका शब्दात सांगितलं असतं.