आमसुलाने घासलेलं नाणं

नूरुद्दीन परकार मूळचे दापोलीकडचे. सौदीतल्या तबूकमध्ये सव्वीस वर्षं एकच काम: जेसीबी लागायच्या आधी मेटल डिटेक्टर फिरवून जमिनीखालचे जुने पाइप, केबल शोधायचे. नुसत्या आवाजावरून हा माणूस लोखंड की तांबं ते सांगायचा. मी चिपळूणचा, त्यांचा सुपरवायझर, पण त्यांच्यापुढे पोरगाच. ते पाइप दाखवणाऱ्या नकाशावर सही मात्र इंजिनियरची. "या मुलखात आपलं नाव फक्त इकाम्यावर, राहायच्या परवान्यावर," ते म्हणायचे, "आणि कायमच्या परतीची एक्झिट लागली की तोही जमा."

मार्चमध्ये मशीन वाजलं आणि मातीतून हिरवट-काळं नाणं निघालं. असं काही मिळालं की सरकारी पुरातत्त्व खात्याला कळवायचं, म्हणून मी फोन केला. तिथले साहेब म्हणाले, परवा येतो, रजिस्टरमध्ये शोधणाऱ्याचं नावही लिहू. झालं! नूरभाईंनी लगेच घरी मेहनाजभाभींना फोन लावला. "अगो, सरकारच्या वहीत माझं नाव कायमचं राहणार!" पुढच्या महिन्यात ते कायमचे गावी निघाले होते. इथे तेवढी एक खूण ठेवून जायची त्यांची फार इच्छा होती.

साहेब आले. नूरभाईंनी रुमालातून नाणं काढलं. लखलखीत! मी ते उलटसुलट करून पाहिलं.

"अहो, हे काय केलंत?"

"घासलं. आमसूल-मीठ लावून, तारेच्या घासणीने, चांगलं दोन तास. पाहुण्यापुढे काळं तांबं ठेवलं तर आमची आई फोडून काढायची."

चूक माझीच. 'हात लावू नका' एवढं सांगायला माझी जीभ झडली होती का?

साहेबांनी भिंगातून पाहिलं. नाणं रोमन आहे म्हणाले, सोळा-सतराशे वर्षांचं. राजाचा चेहरा आणि नाव त्या हिरव्या थरात टिकून होतं, आता कुणाचं ते कळणार नाही. मी नूरभाईंना मराठीत सांगितलं. साहेब रागावले नाहीत, तेच जास्त लागलं.

मग त्यांनी रजिस्टर पुढे केलं. नूरभाईंनी पेन घेतलं, आणि खाली ठेवलं.

"लिहा हो!" मी ओरडलोच. "हक्क आहे तुमचा!"

"त्याचं नाव मातीने इतकी वर्षं सांभाळलं, बाबा. मी दोन तासांत पुसलं. आता माझं कुठल्या तोंडाने लिहू?"

साहेबांनी पेन उचललं. मग स्वतःच त्या जागी अरबीत लिहिलं: एक हिंदुस्थानी कामगार.