सोप्यातलं लेट्यूस

अक्काताईला नवऱ्यानं टाकली तेव्हा धाकटा भाऊ संगमेश तिला कोल्हापुरात शाहूपुरीतल्या घरी घेऊन आला. तो गुळाचा व्यापारी. परत आलेला माल कुठं ठेवायचा, हे त्याला कळत होतं. अक्काताईला परसातली खोली मिळाली. तिथं तिनं त्याची पोर रक्षिता वाढवली आणि दोन हजार तीनच्या थंडीत, भावजय सौंदर्यानं बी आणून दिल्यावर, लेट्यूसही.

पहिल्या खेपेला तिनं त्याला लसूण-मिरचीची फोडणी दिली. ताटात हिरवा लगदा आला.

"हे कच्चं खात्यात, अक्का," सौंदर्या म्हणाली.

कच्चा पाला म्हशीनं खायचा, असं अक्काताईचं मत होतं. पण रक्षितासाठी आलेल्या बेंगळूरच्या स्थळाला तो आवडतो म्हटल्यावर तिनं मत बदललं. वाफ्यावर जुन्या इरकलीची सावली धरली, माती सुकू दिली नाही. ऊन चढायच्या आत तोडून पानं माठातल्या पाण्यात टाकायची, हे ती चुकतमाकत शिकली. पान कटकन मोडायला लागलं.

पाव्हणे बघायला येतील तेव्हा पुढच्या सोप्यात रक्षिताशेजारी बसायचं, एवढंच तिला हवं होतं.

संगमेशला घोर वेगळाच. टाकलेली बहीण दिसली तर स्थळ चहालाही थांबणार नाही. पाव्हणे मूळचे निपाणीचे, कानडी कळणारे. अक्का म्हणजे थोरली बहीण, हे त्यांना सांगायला नको. म्हणून त्या दिवशी सकाळपासून ती बाळाबाई झाली, परसात राबणारी मोलकरीण. एका दिवसाचा तर प्रश्न हाय, असं त्यानं समजावलं. ती कबूल झाली. वाढायला का होईना, सोप्यात जाता येणार होतं.

पाव्हण्यांनी लेट्यूस कराकरा खाल्लं. कुणी पिकवलं, असं मुलाच्या आईनं विचारलं. सौंदर्यानं बाळाबाईकडं बोट केलं. मुलगी पसंत होतीच, आता बाळाबाईही पसंत पडली. बेंगळुरात भरवशाचं माणूस मिळत नाही, मुलाची आई म्हणाली. लग्नानंतर हिलाही पोरीबरोबर धाडाल काय?

रक्षितानं मान खाली घातली. मुलगी लाजाळू आहे, असं पाव्हण्यांना वाटलं.

अक्काताईनं हातातला वाडगा घट्ट धरून भावाकडं पाहिलं.

"न्या की," संगमेश म्हणाला.

पाव्हणे गेल्यावर सौंदर्यानं घरात सगळ्यांना बजावलं, आता हेच नाव चालू ठेवायचं. लग्नात कुणाची जीभ घसरायला नको. जेवताना रक्षितानं पाणी मागितलं. 'बाळाबाई' म्हणताना ती एकदाच अडखळली.