घागरीची रांग

दुपारी आमच्या गल्लीतल्या गादीवाल्याच्या दुकानाला आग लागली. बंब आला आणि गल्लीच्या तोंडाशीच अडकला, कारण दोन्ही बाजूंना आमच्याच गाड्या लावलेल्या. जवान जड पाइप खांद्यावर ओढत आत धावले. आम्ही गॅलऱ्यांमध्ये मोबाइल धरून उभे. शेजारचे काका वरून ओरडले, "अहो, जरा जपून, माझ्या गाडीला ओरखडा पडेल."

माझं डोकंच फिरलं. अग्निशमन दल म्हणतो आपण. दल म्हणजे एका कामासाठी जमलेली माणसं. वर्दी आणि भोंगा नंतर आले. आई सांगायची, तिच्या गावात आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लागायची आणि घागर हातोहात पुढे जायची. बोलणं बंद असलेल्या भावकीच्याही हातात ती द्यावी लागायची. ते दल होतं. आम्ही पगारावर चार माणसं नेमली आणि रांगेतून बाहेर पडलो.

आग विझली. गादीवाला जळक्या कापसाशेजारी बसून राहिला. काजळीने माखलेल्या एका जवानाने वर बघून विचारलं, "कुणी प्यायला पाणी देता का?"

सगळ्या गॅलऱ्यांमधले मोबाइल त्याच्याकडे वळले.