चांगल्या परीक्षणाची धास्ती

"वाईट लिवलं असन त सांगा, भाऊ." सकाळी कचेरीत आल्या आल्या आमचे हे सहकारी माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणायचे आणि मानेवरचा घाम रुमालाने पुसायचे. ऐन थंडीतसुद्धा. सिनेमा काढलेला माणूस चांगल्या परीक्षणाची वाट पाहतो, असं तुम्हाआम्हाला वाटतं. यांना त्याचीच धडकी भरायची.

देवळीहून रोज एसटीने वर्ध्याला येणारा हा कारकून माणूस. दोन वर्षं रजा साठवून त्यांनी घरातच एक विनोदी सिनेमा काढला. कॅमेरा उसना, नट घरचेच. नायक त्यांचे वडील, निवृत्त मुख्याध्यापक. गुरुजी रोज जेवणाआधी घरातल्यांची हजेरी घेत. स्वतःच्या बायकोलाही वडनेरला बहिणीकडे जायचं तर रजेचा अर्ज द्यावा लागे. सिनेमात हे सगळं जसंच्या तसं होतं. गुरुजींना मात्र यांनी सांगितलं होतं की सिनेमा शिस्तीवर आहे. गुरुजी गावभर तेच सांगत फिरायचे.

मुंबईच्या एका महोत्सवात लोक सिनेमा पाहून पोट धरून हसले आणि परीक्षणं येऊ लागली. मोबाइलवर सापडलेलं पहिलं मी कौतुकाने मोठ्याने वाचलं. 'घराची शाळा करणारा हा हास्यास्पद हुकूमशहा विसरता येत नाही.' यांनी मोबाइल माझ्या हातातून घेऊन टेबलावर पालथा ठेवला.

"बाबा पेपर पुरा वाचतेत, भाऊ. निविदाही सोडत नाईत."

मी हसलो. माणूस पराचा कावळा करतो आहे असं वाटलं. त्या हसण्याची आज लाज वाटते. सिनेमा मी त्यांच्या लॅपटॉपवर पाहिला होता. बापावर जीव असल्याशिवाय असा सिनेमा निघत नाही. पण ते लिहायचं कुणाला सुचलं नाही.

मग नागपूरच्या एका पेपरने रविवारच्या पुरवणीत अर्धं पान दिलं, गुरुजींच्या फोटोसकट. यांनी पहाटेच दारातल्या पेपरातून ते पान फाडून खिशात कोंबलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. पण ज्याने उभा जन्म शाळेचा पट तपासला, त्याला गैरहजर पान दिसणार नाही होय? दोननंतर एकदम पाच आलेलं पाहताच गुरुजी उठले आणि शेजाऱ्याचा पेपर मागून आणला.

त्या संध्याकाळी ताटं मांडली गेली, हजेरी झाली नाही. जेवण उरकल्यावर गुरुजींनी एवढंच विचारलं, "मी हासण्यासारखा आहो का रे?"

यांना 'नाई' म्हणायचं होतं. भीतीने यांनी समोरची ताटं उचलायला घेतली. गुरुजी हात धुवायला उठून गेले.

पुढे आणखी परीक्षणं आली, सगळी चांगली. हे माझ्या टेबलाशी यायचे बंद झाले. महिन्याभराने एका संध्याकाळी मला ते बसस्थानकावर दिसले. देवळीची गाडी लागली, भरली, गेली. हे खांबाशी उभेच. दुसरीही गेली. मी जवळ जाऊन म्हटलं, घरी जेवायला थांबले असतील.

"बाबा आता मी आलो का नाई ते इचारतच नाईत," ते म्हणाले. "घरात पाय ठेवाले भेव लागते, भाऊ."

माझी गाडी आली, मी चढलो. खिडकीतून पाहिलं तर देवळीची तिसरी गाडी लागत होती, आणि हे दोन पावलं मागे सरकले होते.