अंगणातली तपासणी

त्या म्हातारबुवांचं नाव मले अजूनही माहीत नाही. कोरोनात बालाघाटच्या चामडीच्या डॉक्टरांनी पेशंटले अंगणात दूर-दूर बसवलं होतं आणि दारातूनच मोठ्यानं विचारत, "काय त्रास?" मले कमरेले, परकराच्या नाड्याखाली खाज! सुनेलेही नव्हतं सांगितलं, मग इथं चारचौघांत कसं सांगू? मी घरी जायले उठली.

तेवढ्यात किरनापूर गावाहून आलेले ते म्हातारबुवा उभे राहिले, खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि मास्कमधूनच गरजले, "साहेब, जांघेत खाज! धोतर नेसवत नाही!"

सगळे हसले, तेही हसले. मग माह्याकडे पाहून म्हणाले, "काहून चालली बाई? लाजून खाज जाते का?"

मी परत बसली. नंबर आल्यावर दणकून सांगितलं, "कमरेले, नाड्याखाली!"

मागून दोन बाया ओरडल्या, "हौ, आमालेही तेच!"