केसपेपरवरचा ‘कशावरून’

दातांच्या होणाऱ्या डॉक्टरांना मी दात काढायला शिकवते, आणि त्याआधी वाचायला. केसपेपरवर प्रत्येक निर्णयापुढे ‘कशावरून?’ असा रकाना मीच आखून घेतला आहे. संशोधन कुठलं, किती रुग्णांवर, आपल्या रुग्णाला ते लागू पडतं का, हे शोधून तिथे लिहायचं. ‘सरांनी सांगितलं’ असं कुणी लिहिलं की कागद परत. मुलं माझ्यामागे मला कशावरूनबाई म्हणतात. म्हणोत बापडी.

त्या सोमवारी पेडणे तालुक्यातल्या पार्सेहून माझे काका दाढ काढायला येणार होते. वर्षभरापूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला होता. मागच्या आठवड्यात फोनवर मी त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी पाच दिवस बंद करायला सांगितली. दाढ काढल्यावर रक्त थांबलं नाही तर, ही आम्हा दातवाल्यांची जुनी धास्ती. माझ्या सरांनी मला तसंच शिकवलं होतं. केस मी शेवटच्या वर्षाच्या एका मुलीकडे सोपवली. ती हरमलची, घरी पर्यटकांना खोल्या देतात. त्या खोल्यांना इंटरनेटवर पाच तारे मावसभावांनीच दिलेत हे ठाऊक असल्यामुळे ती कुणाच्या शब्दावर भाळत नाही.

काका पोचायच्या आधी तिने त्यांचा कागद माझ्यापुढे ठेवला. ‘गोळी बंद’ यापुढचा रकाना कोरा होता.

“मॅडम, याला आधार सापडला नाही,” ती म्हणाली. “सापडलं ते सगळं उलटं आहे.”

दाढेचं रक्त टाका घालून, बोळा दाबून थांबवता येतं. गोळी थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि तिथे बोळा दाबता येत नाही. खरं सांगते, मला आधी तिचा रागच आला. चष्मा लावून मी तिने आणलेले संशोधनाचे सगळे कागद वाचले, तिची चूक काढायला. एकही निघाली नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मी काकांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. पेडण्याहून त्यांची बस सुटून तास झाला होता. मी फाटकाशी जाऊन उभी राहिले, ती मुलगीही न सांगता मागे आली. काका उतरले ते घामाघूम होऊन. घाम उन्हाचा की छातीचा, मला कळेना. फोन पिशवीत तळाशी होता म्हणाले. मी त्यांना दाढेच्या खुर्चीकडे नेलंच नाही, थेट शेजारच्या इस्पितळात ईसीजीला नेलं. कागदाची पट्टी बाहेर येईपर्यंत मी देवाचं नाव घेत होते, आणि त्याला कशावरून हे विचारलं नाही.

ईसीजी ठीक होता. काकांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी फोनवर मला सणसणीत सुनावलं. गोळी आत्ता घ्या, दाढ पुढच्या आठवड्यात गोळी चालू ठेवूनच काढा, म्हणाले.

मग माझा राग काकांवर निघाला. गोळी थांबवण्याआधी एकदा त्या डॉक्टरांना विचारायचं नाही का, म्हटलं.

काकांनी पाण्याबरोबर गोळी गिळली आणि शांतपणे म्हणाले, “तुवें सांगलें मगे, बाय. आनी कोणाक विचारपाचें?”

ती मुलगी खाली बघत उभी होती. मी तिच्या हातातून कागद घेतला, कोऱ्या रकान्यात ‘मॅडमनी सांगितलं’ असं लिहिलं आणि खाली सही केली.