काकाचा ओळंबा

आमचा काका बांधकामावर मुकादम. त्याचा भरवसा फक्त ओळंब्यावर, म्हणजे दोरीला टांगलेल्या त्या पितळी वजनावर. "दोरी खोटं बोलत नाही," असं तो अशा सुरात म्हणतो की दूधवाला, शिंपी, शेजारी हे सगळे दिवसभर खोटंच बोलत असावेत. टपरीवर चहा आला की चहावाल्यालाच म्हणणार, "आधी तू एक घोट घे." मग डोळे बारीक करून त्याच्या तोंडाकडे बघत बसणार.

असा माणूस विमानं दुरुस्त करायच्या हँगरच्या कामावर गेला. आजवर त्याने गोदामं उभी केलेली. इथले पोलादी खांब एवढे उंच की वर बघताना हेल्मेट मागे पडावं. विमानाचं शेपूट मावायला हवं ना! आणि क्रेनवर कोण, तर सख्खा मेहुणा, काकूचा धाकटा भाऊ.

काकाने सकाळी खांब ओळंब्यात सरळ करून घेतला. दुपारी पाहतो तर कललेला.

"क्रेनचा धक्का दिलास."

"दाजी, क्रेन सकाळपासून पलीकडच्या टोकाला होती."

"कुठे होती ते बरं पाठ आहे तुला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी खांब आपोआप सरळ. काका आणखीच भडकला. "बघा, गुपचूप सरळही करून ठेवला!" दुपारी पुन्हा कलला. तेव्हा तो तडक इंजिनियरबाईंकडे गेला. "मॅडम, याला कामावरून काढा. असल्या खांबावर छत चढवलं तर माणसं मरतील."

बाई म्हणाल्या, "उद्या क्रेनची किल्ली तुमच्या खिशात ठेवा. मग खांब कलला नाही, तर त्याला काढते."

घरी काकूने ताट आदळलं. "अहो, माझ्या भावाची नोकरी घालवा आणि मग या घरात जेवायला या. बघतेच मी."

सकाळपासून काका उलट्या बादलीवर, खांबासमोर. मेहुणा लांब सावलीत, हाताची घडी घालून. खांबाजवळ कुणी फिरकलं नाही. ऊन चढलं आणि ओळंब्याची दोरी हळूच खांबापासून लांब सरकू लागली. काका ताडकन उठला, खांबाला हात लावला आणि "आई गं!" करून मागे घेतला. मग पलीकडून, सावलीतल्या बाजूला लावला. गार.

"उन्हाकडची बाजू तापून वाढते, म्हणून खांब वाकतो," बाई मागून म्हणाल्या. "गोदामाच्या उंचीला कळत नाही, इथे कळतं. यापुढे ऊन यायच्या आधी ओळंबा लावा."

काकाने डोळे बारीक करून सूर्याकडे पाहिलं. "हा रोजच येतो का इकडे?"

सूर्याला कामावरून काढायची सोय नव्हती. काका टपरीवर गेला आणि एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात चहा घेऊन मेहुण्यासमोर उभा राहिला.

"घे."

मेहुण्याने ग्लासात वाकून पाहिलं. "दाजी, आधी तुम्ही एक घोट घ्या."

काकाने मुकाट्याने घोट घेतला. मेहुणा डोळे बारीक करून बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मगच त्याने किल्लीला हात लावला.